तरंगती धावपट्टी

"शहरात जागा नाही, शेतकरी जमीन सोडायला तयार नाहीत, आणि समोर एवढा समुद्र मोकळा पडला आहे. मग विमानतळ समुद्रातच का बांधत नाहीत?" नव्या विमानतळासाठी भूसंपादनाची बातमी आली की हा प्रश्न कुणीतरी विचारतोच. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: "विमानवाहू जहाजावरून लढाऊ विमाने उडतात ना? मग तसेच आणखी मोठे जहाज बांधून त्यावर प्रवासी विमाने उतरवायला काय हरकत आहे?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. अभियंते ते गेली शंभर वर्षे स्वतःलाच विचारत आले आहेत. जपानने तर एक किलोमीटर लांबीची धावपट्टी खरोखर पाण्यावर तरंगवली आणि तिच्यावर विमाने उतरवून दाखवली. तरीही आज जगात असा एकही विमानतळ नाही, जिथे तरंगत्या धावपट्टीवर रोजची प्रवासी विमाने ये-जा करतात. हे जमते, मग केले का जात नाही? आणि केले, तर पर्यावरणाचे नेमके काय वाचेल? या प्रकरणात या दोन प्रश्नांची उत्तरे एकेक पायरी चढत शोधू.

१. जहाज लांबवले तर?

भारताच्या 'आयएनएस विक्रांत'ची लांबी २६२ मीटर आहे. तेवढ्या जागेत मिग-२९के उडते, कारण पुढच्या टोकाला चढ आहे आणि तो विमानाला वर उचलून देतो. परतताना विमानाच्या शेपटीजवळचा आकडा डेकवरच्या पोलादी दोरात अडकतो आणि काही सेकंदांत विमान थांबते. वैमानिक पट्ट्यांनी खुर्चीला जखडलेला असतो, म्हणून तो धक्का सोसतो. दोन-तीनशे प्रवासी बसलेल्या विमानाला असा हिसका देता येत नाही.

मोठ्या प्रवासी विमानाला साधारण तीन किलोमीटर धावपट्टी हवी. म्हणजे अकरा-बारा 'विक्रांत' एकापुढे एक लावावे लागतील. आजवर बांधले गेलेले सर्वांत लांब जहाज 'सीवाइज जायंट' हे तेलवाहू होते, आणि तेही ४५८ मीटरचे. जहाज जितके लांब, तितका लाटांचा त्याला वाकवण्याचा जोर वाढत जातो. दोन्ही टोके लाटांच्या माथ्यावर आणि मधला भाग खळग्यावर आला की कण्यावर प्रचंड ताण येतो. ताठ सांगाड्याचे तीन किलोमीटरचे जहाज हा ताण सोसायचा तर इतके जाड करावे लागेल की ते परवडणारच नाही. अमेरिकी नौदलाने १९९० च्या दशकात वेगळी वाट चाचपली. अर्धवट बुडालेले अनेक तरते भाग एकमेकांना जोडून सुमारे दीड किलोमीटरचा तळ करायचा, अशी ती कल्पना होती. सांध्यांवर येणारा जोर आणि खर्च यांपुढे ती कागदावरच राहिली.

तेव्हा हवी ती वस्तू जहाज नव्हे. तिची जात वेगळी असायला हवी.

२. अटलांटिकमधले थांबे

मे १९२७ मध्ये चार्ल्स लिंडबर्गने एकट्याने, कुठेही न थांबता, न्यूयॉर्कहून पॅरिस गाठले. त्याला साडेतेहतीस तास लागले, आणि विमानात इंधनाखेरीज फारसे काही मावलेच नव्हते. प्रवासी आणि टपाल घेऊन अटलांटिक ओलांडायचा तर वाटेत इंधन भरायला थांबे हवेत. एडवर्ड आर्मस्ट्राँग या अभियंत्याने नेमके हेच मांडले. समुद्रात काहीशे मैलांवर एकेक तरंगता तळ नांगरून ठेवायचा, आणि विमानांनी तळामागून तळ असे करत युरोप गाठायचा. या तळांना त्याने 'सीड्रोम' असे नाव दिले होते.

आर्मस्ट्राँगचे मोठेपण त्याने हेरलेल्या एका गोष्टीत आहे. लाट आपल्याला अवाढव्य वाटते, पण तिची हालचाल मुख्यतः पृष्ठभागापुरती असते. खोल जाऊ तशी ती झपाट्याने विरते, आणि लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर जवळजवळ संपते. दोन लाटांच्या माथ्यांमध्ये १०० मीटर अंतर असेल, तर ५० मीटर खाली पाणी जवळपास स्थिर असते. म्हणून त्याने तळाचा मंच पाण्यापासून बराच उंच ठेवला, तो उभ्या खांबांवर पेलला, आणि तरंगायला लागणारे पोकळ भाग व खालचे वजन खोल, शांत पाण्यात नेले. बारीक खांबांमधून लाटा निघून जातात आणि मंच फारसा हलत नाही.

प्रतिकृतींवरच्या चाचण्या चांगल्या झाल्या, गुंतवणूकदारही पुढे आले होते. मग १९२९ साली वॉल स्ट्रीट कोसळले. पुढच्या काही वर्षांत विमानांचाच पल्ला इतका वाढला की मधल्या थांब्यांची गरज संपली. त्याचे तत्त्व मात्र वाया गेले नाही. आज खोल समुद्रात तेल काढणारे अनेक तरते मंच खोल बुडालेल्या तराफ्यांवर आणि उभ्या खांबांवर असेच उभे आहेत.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी आणखी एक धाडसी कल्पना चालवून पाहिली. लाकडाचा लगदा मिसळून गोठवलेल्या बर्फाचे, म्हणजे 'पायक्रीट'चे, तरंगते तळ करायचे. १९४३ मध्ये कॅनडातल्या पॅट्रिशिया सरोवरात त्याची छोटी प्रतिकृती बांधली गेली. पोलाद तुटपुंजे असतानाचा हा खटाटोप होता. युद्धाचे पारडे फिरले आणि तो मागे पडला.

३. मातीचे बेट खचते तेव्हा

समुद्रात विमानतळ करण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे भराव. डोंगर फोडायचे, दगड-माती बोटींतून न्यायची, समुद्रात टाकायची आणि बेट उभे करायचे. ओसाकाच्या उपसागरात किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर जपानने असे केले. ४ सप्टेंबर १९९४ रोजी तिथे कन्साई विमानतळ सुरू झाला. जमिनीवरचा जुना विमानतळ वस्तीने वेढला होता आणि आवाजाविरुद्ध लोक वर्षानुवर्षे लढत होते. समुद्रात विमाने चोवीस तास उतरू शकली.

पहिल्या बेटाचा हिशेब पाहा. क्षेत्रफळ सुमारे ५१० हेक्टर, म्हणजे ५१ लाख चौरस मीटर. पाण्याची खोली १८ मीटर. नुसते पाणी भरून काढायला ९ कोटी घनमीटर पुरले असते. प्रत्यक्षात लागले सुमारे १८ कोटी घनमीटर, जवळपास दुप्पट. काही भराव बेट पाण्याच्या वर उचलायला लागला, आणि पुष्कळसा बेट खाली जात राहिले म्हणून लागला.

ते खाली का गेले? समुद्रतळाशी मऊ चिकणमातीचे जाड थर होते. चिकणमातीच्या कणांमध्ये पाणी अडकलेले असते. वरून वजन आले की ते पाणी हळूहळू पिळून निघते आणि थर दबतो. वरच्या थरातले पाणी लवकर निघून जावे म्हणून अभियंत्यांनी तळात वाळूचे लाखो उभे स्तंभ घातले. त्याखालचे खोल थर मात्र त्यांच्या हाताबाहेर होते. बांधकाम सुरू झाल्यापासून पहिले बेट सरासरी १३ मीटरहून अधिक खचले आहे. खचण्याचा वेग आता खूप मंदावला असला तरी ते थांबलेले नाही. सगळी जमीन सारखी खचत नाही, म्हणून टर्मिनलच्या खांबांखाली जॅक लावून, पोलादी पत्रे सरकवून इमारत समतल ठेवावी लागते. ही व्यवस्था आधीच योजून ठेवली होती, याबद्दल त्या अभियंत्यांना दाद द्यायला हवी.

४ सप्टेंबर २०१८ रोजी, विमानतळाच्या वाढदिवशीच, जेबी हे चक्रीवादळ आले. समुद्र फुगून धावपट्टीवर चढला. भरकटलेले एक तेलवाहू जहाज मुख्य भूमीला जोडणाऱ्या पुलावर आदळले आणि हजारो माणसे बेटावर अडकली. एकीकडे खचणारी जमीन, दुसरीकडे चढणारे पाणी. भरावाच्या बेटाला ही दोन दुखणी जन्मापासून असतात.

तरंगणाऱ्या वस्तूला यातले एकही नाही. तळ खचला तरी तिला फरक पडत नाही, आणि पाणी चढले की ती पाण्याबरोबर चढते. कन्साईची आखणी चालू होती तेव्हा जपानी जहाजबांधणी उद्योगाने तरंगत्या विमानतळाचा पर्याय पुढे केला होता. तो नाकारला गेला, पण तिथूनच पुढच्या प्रयोगाची वाट निघाली.

४. विमान उतरले की किती बुडेल?

तरंगता विमानतळ म्हटले की पहिली भीती हीच वाटते. ती आकडेमोडीने घालवता येते.

वस्तू पाण्यात जेवढी बुडते, तेवढे पाणी बाजूला सारते. त्या पाण्याचे वजन वस्तूच्या वजनाएवढे झाले की ती तरंगते. हा आर्किमिडीजचा नियम आपण शाळेत शिकलो आहोत. समुद्राच्या एक घनमीटर पाण्याचे वजन सुमारे १.०२५ टन.

आता १,००० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद असा मंच घ्या. क्षेत्रफळ ६०,००० चौरस मीटर. हा मंच एक मीटर खाली जायला ६१,५०० टन वजन लागेल. त्यावर ४०० टनांचे भलेमोठे विमान उभे केले, तर मंच खाली जाईल ४०० भागिले ६१,५०० मीटर, म्हणजे साडेसहा मिलिमीटर. पूर्ण विमानतळाएवढा, ४ किलोमीटर लांब आणि १ किलोमीटर रुंद मंच असेल, तर त्याला एक मिलिमीटर खाली ढकलायला अशी दहा विमाने लागतील.

या हिशेबात एक गृहीतक दडले आहे. विमानाचे वजन साऱ्या मंचावर सारखे पसरते, असे आपण धरले. तसे खरोखर होते का?

५. योकोसुकाचा प्रयोग

एप्रिल १९९५ मध्ये जपानमधल्या जहाजबांधणी आणि पोलाद उद्योगातल्या १७ कंपन्या एकत्र आल्या आणि 'मेगा-फ्लोट' हा संशोधनसंघ स्थापन झाला. त्याआधी तीनच महिने कोबेच्या भूकंपाने जपान हादरला होता. तरंगत्या मंचाखाली पाणी असल्याने जमिनीचे हादरे त्याच्यापर्यंत जवळजवळ पोहोचत नाहीत, ही गोष्ट तेव्हा सगळ्यांच्याच मनात होती.

टोकियोच्या उपसागरात, योकोसुकाजवळ, त्यांनी आधी ३०० मीटर लांबीचा मंच तरंगवला. तो जमल्यावर १,००० मीटरचा केला. रुंदी ६० मीटर, काही भागात १२१ मीटर. जाडी फक्त ३ मीटर. हे प्रमाण जरा डोळ्यांपुढे आणा. मंच आकसून एक मीटर लांबीचा केला, तर त्याची जाडी ३ मिलिमीटर होईल. एवढी पातळ वस्तू ताठ राहू शकत नाही. ती पाण्यावर पसरलेल्या चटईसारखी वागते आणि लाट आली की तिच्या आकाराप्रमाणे किंचित लवते.

आता मागचे गृहीतक तपासू. विमान उतरते तेव्हा सगळा मंच एकसारखा खाली जात नाही. विमानाखालचा आणि त्याच्या आसपासचा भाग थोडा अधिक दबतो, आणि विमान धावते तसा हा उथळ खोलगा त्याच्याबरोबर पुढे सरकतो. मंच किती लवचीक ठेवायचा, म्हणजे लाटांनी तुटणार नाही आणि विमानालाही चढ जाणवणार नाही, हे या शास्त्रातले मुख्य कोडे आहे. जहाज ताठ असते म्हणून लाटांशी झुंजते. मेगा-फ्लोट लवतो, म्हणून त्याच्यावर ताण कमी येतो. पहिल्या भागात लांब जहाजाचा जो दोष दिसला, त्यावरचा तोडगा हा असा आहे.

बांधण्याची रीतही पाहण्याजोगी होती. पोकळ पोलादी भाग वेगवेगळ्या गोद्यांत बनवले, ओढत आणले आणि समुद्रातच एकमेकांना वेल्डिंगने जोडले. इथे ऊन आडवे येते. वरचा पत्रा उन्हाने तापून प्रसरण पावतो, खालचा समुद्राच्या पाण्याने थंड राहतो, आणि भाग कमानीसारखा वाकतो. कडा जुळवताना हे वाकणे हिशेबात धरावे लागते.

मंच जागच्या जागी कसा राहील? तळात उभे मजबूत खुंट रोवतात आणि मंच त्यांना रबरी गाद्यांसकट अशा तऱ्हेने अडकवतात की तो भरती-ओहोटीबरोबर वर-खाली सरकेल, पण आडवा जाणार नाही. नुसत्या साखळदंडांनी नांगरला तर मंच काही मीटर इकडे-तिकडे फिरतो, आणि धावपट्टीला ते चालत नाही.

कारण वैमानिकाला मार्ग दाखवणारी यंत्रे याच मंचावर असतात. उतरणारे विमान साधारण ३ अंशांच्या उताराने येते, आणि धावपट्टीलगतचे यंत्र त्या उताराची रेडिओ-रेषा आकाशात आखते. मंच जर ०.१ अंशाने कलला, तर १० किलोमीटरवर ती रेषा सुमारे १७ मीटर वर किंवा खाली सरकेल. हे ऐकून छातीत धस्स होते. पण मंच लांब असण्याचा फायदा इथे दिसतो. एक किलोमीटर मंचाचे एक टोक १० सेंटिमीटर उचलले गेले, तरी कल ०.००६ अंशांपेक्षा कमी असतो, आणि १० किलोमीटरवर फरक पडतो एक मीटरचा.

२००० साली त्या मंचावर लहान विमाने प्रत्यक्ष उतरली आणि उडाली. मार्गदर्शक यंत्रांचीही तपासणी झाली. ४,००० मीटरचा तरंगता विमानतळ तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

६. सारा खेळ लाटेच्या लांबीचा

'शक्य आहे' या शब्दांमागे एक अट आहे, आणि माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. टोकियोचा उपसागर तिन्ही बाजूंनी जमिनीने वेढलेला आहे. उघडा समुद्र तसा नाही.

लाटेची उंची सगळ्यांना दिसते. मंचाच्या दृष्टीने तिची लांबी अधिक महत्त्वाची. ती मोजायची सोपी रीत अशी: एका ठिकाणी उभे राहून लागोपाठच्या दोन लाटांमधले सेकंद मोजा, त्या संख्येचा वर्ग करा आणि १.५६ ने गुणा. खोल पाण्यातल्या लाटेची लांबी मीटरमध्ये मिळते. उथळ पाण्यात ती यापेक्षा आखूड होते.

आडोशाच्या उपसागरात वाऱ्याने उठलेल्या लाटा चार-पाच सेकंदांच्या असतात. पाच सेकंद धरले तर ५ × ५ × १.५६, म्हणजे ३९ मीटर. किलोमीटरभर मंचाखाली अशा लाटांचे पंचवीस माथे आणि पंचवीस खळगे एकाच वेळी येतील. वर ढकलणारे आणि खाली ओढणारे जोर एकमेकांना खोडून काढतात. कडेचा भाग तेवढा हलतो, मध्यभाग स्वस्थ राहतो.

आता दूरच्या वादळातून निघालेली बारा सेकंदांची लाट घ्या. १२ × १२ × १.५६, म्हणजे सुमारे २२५ मीटर. मंचाखाली तिचे चार-पाचच माथे मावतात. ही लाट मंचाच्या आत खोलवर शिरते आणि त्याला खरोखर वाकवते. तीन मीटर जाडीचा पातळ मंच तिच्यापुढे टिकवायचा तर समोर लाटा अडवणारा बंधारा हवा. बंधारा नको असेल तर आर्मस्ट्राँगचे खांब हवेत, आणि मग खर्च कैक पटींनी चढतो.

समुद्रावर तरंगण्याची किंमत सरळ लाटेच्या सेकंदांवर ठरते.

७. मग बांधला का नाही?

मेगा-फ्लोटला संधी आल्या होत्या. टोकियोच्या हानेदा विमानतळाला चौथी धावपट्टी हवी होती, तेव्हा तरंगता पर्यायही विचारात होता. ती जागा तामा नदीच्या मुखाशी आहे. सगळा भराव घातला तर नदीचे पाणी अडणार होते. शेवटी मिश्र रचना निवडली. बराचसा भाग भरावाचा, आणि नदीच्या बाजूचा भाग पोलादी सांगाड्यांवर उभ्या केलेल्या जेट्टीसारखा, ज्याखालून नदी वाहत राहते. २,५०० मीटरची ही धावपट्टी ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झाली. नव्या तंत्राशी तुलना करताना सरकारी यंत्रणा हाताखालच्या, परिचित तंत्राकडे झुकते. शंभर वर्षे चालवायच्या वस्तूबाबत हा सावधपणा मला समजू शकतो.

ओकिनावाची गोष्ट वेगळी. दाट वस्तीतला अमेरिकी लष्करी तळ हलवण्यासाठी १९९६ मध्ये समुद्रातल्या तळाचा प्रस्ताव आला. त्यात तरंगत्या रचनेचाही पर्याय होता. डिसेंबर १९९७ मध्ये नागो शहराच्या मतदारांनी सार्वमतात हा तळ नाकारला. धावपट्टी तरंगती असो वा दगडाची, त्यांना तळच नको होता. आता हेनोकोच्या किनाऱ्यावर भराव घातला जात आहे. तिथे प्रवाळ आहेत, डुगाँग या सस्तन प्राण्याचा वावर असलेले ते पाणी आहे, आणि तळाची माती इतकी मऊ आहे की ती घट्ट करायचेच प्रचंड काम होऊन बसले आहे.

लंडनसाठीही थेम्सच्या मुखाशी तरंगत्या धावपट्ट्यांचा आराखडा पुढे आला होता. २०१४ मध्ये ब्रिटनच्या विमानतळ आयोगाने नदीमुखातल्या विमानतळाचा पर्यायच बाजूला ठेवला.

देखभालीचा प्रश्न तर प्रत्येक ठिकाणी आहेच. पोलाद सर्वांत वेगाने गंजते ते जिथे लाटांचे तुषार उडतात त्या पट्ट्यात, कारण तिथे मीठ, पाणी आणि हवा तिन्ही मिळतात. जहाज काही वर्षांनी गोदीत चढवून खरवडता येते. चार किलोमीटरची धावपट्टी कोणत्या गोदीत नेणार? आणि पोकळ कप्प्यांत पाणी शिरणार नाही, यावर रोज नजर हवी. अमेरिकेतल्या सिएटलजवळ तरंगता पूल होता. नोव्हेंबर १९९० मध्ये, दुरुस्ती चालू असताना, वादळात त्याच्या काँक्रीटच्या तराफ्यांमध्ये पाणी भरले आणि पुलाचा मोठा भाग सरोवराच्या तळाशी गेला. तराफे भक्कम होते. निष्काळजीपणा कप्पे उघडे ठेवण्यात झाला.

८. पर्यावरणाचे काय वाचते?

तरंगत्या विमानतळाला 'हिरवा विमानतळ' म्हणून मिरवण्याआधी नीट हिशेब मांडायला हवा.

जमेच्या बाजूला बरेच काही आहे. कन्साईच्या पहिल्या बेटासाठी लागली तशी १८ कोटी घनमीटर दगड-माती वाचेल, म्हणजे तेवढे डोंगर उभे राहतील. समुद्रतळ गाडला जात नाही. मंचाखालून पाणी वाहते, भरतीची वाट अडत नाही, मासे ये-जा करू शकतात. विमानांचा आवाज वस्तीपासून लांब जातो. समुद्राची पातळी वाढली तर खुंटांची उंची पुरेशी ठेवली म्हणजे झाले. आणि गरज संपली की मंच कापून, ओढून दुसरीकडे नेता येतो. मेगा-फ्लोटच्या बाबतीत हे घडलेही. प्रयोग संपल्यावर त्याचे तुकडे निरनिराळ्या कामांना गेले. त्यातला एक शिझुओकामध्ये लोकांना मासेमारीचा आनंद घेण्यासाठी वापरला जात होता. २०११ मध्ये फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात किरणोत्सारी पाणी साठवायला जागा हवी होती, तेव्हा तो तुकडा ओढत तिथे नेला. भरावाचे बेट असे उचलून नेता येत नाही.

खर्चाची बाजूही तितकीच खरी. मंचाखाली ऊन पोहोचत नाही. उथळ पाण्यात समुद्री गवत किंवा प्रवाळ असतील तर ते सावलीत मरतील, म्हणून जागा निवडताना तळाला काय जगते ते आधी पाहायला हवे. पोलाद बनवतानाही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, एका टनामागे ढोबळमानाने दोन टन. समजा, अडीच किलोमीटर लांब आणि २०० मीटर रुंद मंचाला दर चौरस मीटरला अर्धा टन पोलाद लागले. एकूण अडीच लाख टन पोलाद, म्हणजे पाच लाख टन कार्बन डायऑक्साइड, पहिले विमान उतरण्याआधीच.

आणि त्या विमानाच्या इंजिनात काय जळते, यावर धावपट्टीचा काहीही परिणाम होत नाही. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात विमानांचा वाटा सुमारे अडीच टक्के आहे, आणि तो जवळजवळ सगळा उड्डाणातल्या इंधनाचा आहे. मंचावर सौरपट्ट्या बसवल्या, समुद्राच्या पाण्याने इमारती थंड ठेवल्या, तर विमानतळाचे वीजबिल कमी होईल. विमान तेच इंधन जाळत राहील. तरंगता विमानतळ डोंगर, शेते आणि खाड्या वाचवू शकतो. हवामानबदलावरचा उपाय म्हणून तो विकला जात असेल, तर ते खरे नाही.

९. आपल्या किनाऱ्यावर

नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, दहा गावे हलवली. ही किंमत डोळ्यांपुढे असताना पालघर जिल्ह्यात वाढवणजवळच्या समुद्रात, भरावाच्या बेटावर विमानतळ करण्याचा विचार महाराष्ट्र शासनाने मांडला आहे. मग भरावाऐवजी तरंगता का नको, हा प्रश्न आता आपल्या दारात येऊन ठेपतो.

आपला समुद्र टोकियोच्या उपसागरासारखा नाही. मुंबईला उधाणाच्या वेळी भरती आणि ओहोटीच्या पातळीत सुमारे पाच मीटरचा फरक पडतो, त्यामुळे किनाऱ्याकडून येणारा पूल आणि रेल्वे मंचाबरोबर पाच मीटर वर-खाली झाली पाहिजे. पावसाळ्यात अरबी समुद्रातून थेट येणाऱ्या लाटा दहा सेकंदांच्या आसपासच्या असतात. आपल्या रीतीने ही लांबी खोल पाण्यात १५६ मीटर येते, २० मीटर खोलीत सुमारे १२० मीटर. पातळ मंचाला त्या सोसणार नाहीत. बंधारा लागणारच.

तर बंधाऱ्याचा हिशेब करू. पाणी २० मीटर खोल, वर ८ मीटर उंची, माथा १० मीटर रुंद, दोन्ही बाजूंना दर मीटर उंचीला दोन मीटर उतार. आडव्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे १,८५० चौरस मीटर येते. पाच किलोमीटर बंधाऱ्याला ९० लाख घनमीटरपेक्षा थोडा अधिक दगड लागेल. त्याच ठिकाणी ५ चौरस किलोमीटरचे बेट केले आणि २५ मीटर भराव धरला, तर साडेबारा कोटी घनमीटर. बंधारा धरूनही तरंगत्या पर्यायाला दगड-माती तेराव्या हिश्शाहून कमी लागते. हा फरक एवढा मोठा आहे की पर्याय कागदावर तरी गांभीर्याने मांडला गेलाच पाहिजे, त्यासोबत पोलादाचा आणि शंभर वर्षांच्या देखभालीचा खर्चही.

आणखी एक हिशेब कोळ्यांचा आहे. या किनाऱ्यावर डोल जाळ्याची मासेमारी चालते. समुद्रतळात खुंट रोवून पिशवीसारखे जाळे प्रवाहाच्या तोंडाशी बांधतात, आणि भरती-ओहोटीचा ओघ मासळी आत आणतो. ही मासेमारी प्रवाहावरच जगते. भरावाचे बेट प्रवाह वळवते, बंधाराही वळवतो, तरंगता मंच त्या मानाने कमी. शिवाय विमानतळाभोवती सुरक्षेसाठी जो पट्टा बंद होईल, तिथे होड्यांना जाता येणार नाही, मग खालून पाणी कितीही मोकळे वाहो. कोणत्या महिन्यात कुठे डोल लागते, कुठला ओघ कोणत्या तिथीला किती जोराचा असतो, हे सातपाटीपासून डहाणूपर्यंतच्या कोळ्यांना ठाऊक आहे. प्रवाहाचा संगणकीय नकाशा काढणाऱ्यांनी पहिला आकडा भरण्याआधी त्यांच्याकडे जावे, आणि तो नकाशा पुरा झाल्यावर जनसुनावणीत मराठीत त्यांच्यासमोर मांडावा.